गोड हात

आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि दुसऱ्या सकाळी एंदाने बालवाडी उघडली. क्लातेन शहराजवळच्या त्या गावात आईने ती एकतीस वर्षं चालवली होती. नवी बाई मिळेपर्यंत सांभाळायची, एवढंच एंदाने ठरवलं होतं.

पहिल्याच दिवशी पाच वर्षांची मेनिक डाव्या हाताने चित्र काढताना दिसली. जाता जाता एंदा बोलून गेली, "गोड हात, मेनिक." गोड हात म्हणजे उजवा; लहानपणी तिचा डावा हात पुढे आला की तिला सगळे हेच म्हणत. मेनिकने हात पाठीमागे नेला. नंतर तीन दिवस तिने खडूला हात लावला नाही, कुणाशी बोललीही नाही. आईच्या वहीत होतं, की वर्षापूर्वी ती अशीच मुकी आली होती, आणि चित्रं काढता काढताच बोलायला लागली होती.

चौथ्या सकाळी मेनिकची आजी, तुमी, तिला सोडून फाटकाशीच घुटमळली.

"तुझ्या आईने माझं डोकं खाल्लं होतं," ती म्हणाली. "म्हणायची, द्यायचं-घ्यायचं उजव्या हाताने शिकवा, पण चित्र तिला हवं त्या हाताने काढू द्या. मी म्हटलं, बाई, तुम्ही तर स्वतःच्या लेकीचा डावा हात बांधून ठेवायचात."

"मग? काय म्हणाली आई?"

"म्हणाली, म्हणूनच सांगते."

एंदाला हात बांधायची पट्टी आठवली. ती पट्टी निळी होती, मऊ, आईच्याच जुन्या नेसत्या कापडाची.

मुलं चपला रांगेत लावून आत आली. एंदा चटईवर मेनिकशेजारी बसली आणि कित्येक वर्षांनी तिने डाव्या हातात खडू धरला. घर काढायला गेली. भिंती हलल्या, छप्पर घसरलं.

मेनिक बराच वेळ बघत राहिली.

"पडतंय," ती हळूच म्हणाली.

"हो ना. काय करू?"

मेनिकने पाठीमागचा हात पुढे आणला. डावाच. छपराखाली तिने एक खांब काढला, दाबून, खडू मोडेपर्यंत. मोडक्या तुकड्याने दुसरा काढला. मग दारात एक कोंबडी काढली आणि ती कुणाची आहे, काय खाते, हे सगळं सांगितलं.

चित्र संपल्यावर तिने कागद उजव्या हातात घेतला आणि एंदापुढे धरला, एंदाच्या आईने शिकवलं होतं तसा.