गणपूर्ती

देवीच्या पाषाणावर चिकटवलेल्या दोन पाकळ्यांपैकी डावीकडची आधी पडली. गुरवाने जनीकडे पाहून मान हलवली. सडेकोंडच्या देवळात एवढा कौल पुरेसा असतो : मुंबईला जायचं नाही.

शेट्येबाई मागे उभ्या होत्या. त्यांचं लक्ष पडलेल्या पाकळीकडे नव्हतं. पाकळी सुटली त्या जागेवरच्या वाळत चाललेल्या डागाकडे होतं. तालुक्याच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि गावात येऊन राहिल्या. गावाने त्यांना ‘बाई’ म्हणणं सोडलं नव्हतं, आणि त्यांचं ऐकणं सुरूही केलं नव्हतं. अपवाद एका जनीचा.

“जनीवहिनी, डावी बाजू दाराकडे आहे. तिथे वारा लागतो, पाणी लवकर वाळतं, पाकळी सुटते. दार लोटून पुन्हा कौल लावा. उत्तर बदलेल.”

“मंजे देवी दार बगून बोलते?”

“देवी बोलतच नाही. पाणी वाळतं.”

“बाईंचा देव थर्मामीटरात ऱ्हातो,” गुरव म्हणाला. जनी हसली नाही. पडलेली पाकळी तिने पदराच्या टोकाला बांधून घेतली.

तिला जायचं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं उघडं पठार, मोठा सडा होता. पावसाचं पाणी त्या सच्छिद्र कातळात मुरे आणि खालच्या अंगाला, जनीच्या घरामागे, झरा होऊन बाहेर पडे. ऐन मे महिन्यात अर्धं गाव त्या झऱ्यावर जगे. सडा ग्रामपंचायतीच्या मालकीचा होता, आणि त्यावर चिरेखाण काढायची परवानगी दादू शिगवण मागत होता. दादू गावचाच; मुंबईत ट्रकच्या धंद्यात वर आलेला आणि गावाच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष. परवानगीसाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. सभेची नोटीस फळ्यावर लागली त्याच आठवड्यात मंडळाने गावातल्या महिलांसाठी मोफत मुंबई दर्शन जाहीर केलं. तारीख तीच.

योगायोग असतात, हे बाई तत्त्वतः मान्य करीत. हा त्यांतला नव्हता.

त्यांनी अंगणवाडीत बायकांना जमवलं आणि फळ्यावर खडूने तीन घरं आखली. सर्व बायका थांबल्या तर ठराव पडतो; पण सर्व थांबणार नाहीत, कारण निम्म्यांच्या पिशव्या भरून झाल्या होत्या. निम्म्या थांबल्या तर सभेला लागणारे शंभर मतदार पुरे होतात, आणि दादूने खास आणलेल्या हातांपुढे त्या कमी पडतात. ठराव मंजूर. मात्र एकही बाई थांबली नाही, तर शंभर माणसं जमतच नाहीत. गावातले कर्ते पुरुष मुंबईत, आणि दादूची माणसं मोजकी.

“याला गणपूर्ती म्हणतात. ती झाली नाही तर सभा तहकूब होते. म्हणजे ठराव नाही. म्हणजे खाण नाही,” बाई म्हणाल्या. “तो आपल्याला बाहेर काढू पाहतोय ना? आपण एकजात सगळ्या बाहेर जाऊ. त्याच्याच गाडीतून.”

बायका टाळ्या वाजवून हसल्या. बचत गटाची सचिव संस्कृती, गावातली एकमेव पदवीधर सून, म्हणाली, “बाई, एक नंबर! त्याचाच वडापाव खायचा नि त्यालाच ठेंगा!”

“कुनीतरी ऱ्हायाला होवा,” जनी कोपऱ्यातून म्हणाली. “घर सोडून समदी गेली की चोराला कडी कोन लावनार?”

बाईंनी तिला पुन्हा ती तीन घरं समजावली. जनी शाळेत गेली नव्हती. पण आकडे तिला वाचता येत, कारण बाईंनीच ते शिकवले होते. आपलं जुनं स्टॉपवॉच बाईंनी तिला देऊन ठेवलं होतं. रोज सकाळी झऱ्याखाली घागर धरायची आणि ती भरायला किती वेळ लागला ते बाईंना सांगायचं, हा दोघींचा कित्येक वर्षांचा नेम होता. कुणी थट्टा केली की जनी म्हणे, “तुमी देवाला दिवा लावतासा, मी पान्याला घड्याळ लावतंय.” त्या नेमाच्या जोरावरच अखेर ती कबूल झाली.

“तुमी म्हनता म्हनून येतंय. माजं मन सांगत न्हाय.”

“मनाला गणित शिकवलेलं नसतं, वहिनी,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांना तेव्हा आवडलं होतं.

गाडी शुक्रवारी सकाळी मुंबईत शिरली. मंडळाच्या सभागृहात आंघोळी आणि पोहे झाले, मग समुद्र, मग संग्रहालय, मग तारांगण. दादू स्वतः बरोबर होता. पाण्याच्या बाटल्या वाटत होता, म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवत होता, आणि ‘काकू, पाय दुखतात का?’ असं जिला तिला विचारत होता. तारांगणाच्या घुमटावर कडी घातलेला शनी उगवला तेव्हा मागच्या दोन रांगांतून हात जोडले गेले आणि कुणीतरी हळूच पुटपुटलं, “नीट बग रे बाबा आमच्याकडं.” एरवी बाईंनी तिथल्या तिथे तास घेतला असता. त्या दिवशी त्या नुसत्या हसल्या. त्यांचं लक्ष हातातल्या फोनकडे होतं.

बाहेर आल्यावर तो वाजला. पंचायतीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा नितेश, त्यांचा विद्यार्थी, बोलत होता. “बाई, तहकूब! माणसंच जमली नाहीत. सरपंचांनी तसं लिहिलं आणि उठले.”

बाईंनी बायकांना सांगितलं. पायऱ्यांवर एकच गलका झाला. कुणी बाईंना मिठी मारली, कुणी जनीला गदगदा हलवलं. संस्कृतीने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि फोटो काढला. पुढच्या रांगेत मधोमध बाई होत्या, तोंडभर हसत. असं हसताना त्यांचा दुसरा फोटो नव्हता.

दादूही हसत होता. “बाई खुश, म्हणजे मंडळ खुश. आता एवढ्या आलात तर उद्या कान्हेरीची लेणी बघूनच जा. जेवणखाण आमच्याकडे. काय म्हणता, मावश्यांनो?”

मावश्या काय म्हणणार होत्या? जनी म्हणाली, “माजी गाय परसात बांधलेली हाय.” पण शेजारचा पोरगा गाईला बघणार होता, आणि बाईंनी स्वतः हात वर केला. जिंकलेल्या माणसाला एक दिवस चैन करायला हरकत नसते.

दुसऱ्या दिवशी कान्हेरीच्या पायऱ्या चढताना बाईंनी सगळ्यांना थांबवून कातळात कोरलेली पाण्याची टाकी दाखवली. पावसाचं पाणी खडकात धरून ठेवायची ही युक्ती किती जुनी, हे सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. जनी वाकून टाक्यात पाहत होती. हात बुडवून तिने पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं.

“आपलं गोड हाय,” ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. नितेशच होता, पण आवाज कालचा नव्हता.

“बाई, सभा परत भरली. आत्ताच उठली. ठराव झाला.”

“कसा होईल? गणपूर्ती कुठे आहे?”

“तहकूब झालेली सभा परत भरली की गणपूर्ती लागत नाही म्हणतात. मला वाटलं खोटं बोलतायत, म्हणून मी नियम काढून बघितला. खरं आहे. तुम्ही दाखवला होतात त्याच्या खालचीच ओळ आहे.”

प्रश्न शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, हे वाक्य बाईंनी किती मुलांकडून घोकून घेतलं होतं.

“आणि बाई,” नितेश अडखळला, “म्हातारा काशीराम तेवढा उभा राहिला. म्हणाला, बायका गावात नसताना कसला ठराव? तेव्हा सरपंचांनी कालचा फोटो सगळ्यांना दाखवला. ग्रुपवर आलाय ना, तो. म्हणाले, विरोध करणारी बाईच बघा कशी हसतेय. हिला गावाची काळजी असती तर ही इथे असती.”

दादू खाली झाडाच्या सावलीत उभा होता. बाई एकट्या त्याच्यापाशी गेल्या.

“हे तू आधीपासून ठरवलं होतंस.”

“बाई, राग मानू नका.” त्याने हातातली कोकमाची बाटली खाली ठेवली आणि वर्गात उभा राहावा तसा सरळ उभा राहिला. “तुम्हीच शिकवलंत. प्रयोग बिघडवणारा घटक असेल तर तो आधी बाजूला काढायचा. मी दहावीला विज्ञानात पहिला आलो होतो, आठवतं?”

“पाणी आटेल, दादू.”

“टँकर देईन की. माझेच ट्रक आहेत.” हे तो चेष्टेने म्हणाला नाही. ते त्याला खरोखर उत्तर वाटत होतं. “खरं सांगू? सगळ्या थांबल्या असत्या तर मला जड गेलं असतं. निम्म्या येतील नि निम्म्या राहतील, तरी मी काठावर होतो. तुम्ही एकजात सगळ्यांना घेऊन आलात, तेव्हाच मी सुटलो.”

परतीच्या प्रवासात बाईंनी बायकांना सगळं सांगितलं, काही न वगळता. रडारड झाली नाही, आणि कुणी त्यांना बोलही लावला नाही. मग कुणीतरी चिवड्याची पिशवी उघडली. संस्कृती म्हणाली, “फोटो मी टाकायला नको होता, बाई.” खिडकीतून बाहेर बघत मागची एकजण म्हणाली, “पन मुंबई झकास दाखवली हां मेल्यानं.” बाईंना शिव्या चालल्या असत्या.

रविवारी दुपारी गाडी सड्यावर आली. नेहमीचा काळा कातळ, मध्ये वाळलेलं गवत, आणि त्यावर पांढऱ्या चुन्याच्या सरळ, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या रेघा. काम करणाऱ्याने नीट आखल्या होत्या. बाईंच्या फळ्यावरच्या घरांपेक्षा नीट.

जनीने गाडी थांबवली. खाली उतरणारी पायवाट तिच्या घराकडे जात होती. बाईही मागोमाग उतरल्या.

“वहिनी, आपण कोर्टात जाऊ. घागरीची मोजणी बंद करू नका. खाणीआधीचं पाणी आणि नंतरचं पाणी, हाच आपला पुरावा.”

जनीने बराच वेळ त्या रेघांकडे पाहिलं. “पुरावा व्हाया झरा आटाया होवा ना, बाई?”

प्रश्न बरोबर होता.

“तुमचा दोस न्हाय,” जनी म्हणाली. “माजाच हाय. मला सांगितलं व्हतं. मी आयकलं न्हाय.”

“कोणी सांगितलं होतं?”

जनीने पदराची गाठ सोडली. आत सुकून काळी पडलेली पाकळी होती. बाईंनी तोंड उघडलं. दार, वारा, वाळणारं पाणी, सगळं जिभेवर तयार होतं, आणि त्यातला शब्दन् शब्द अजूनही खरा होता. पाकळी वाऱ्यानेच पडली होती. आणि जायला नको होतं, हेही खरंच होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे यापुढे सडेकोंडात एकाही माणसाला पटवता येणार नव्हतं. निदान त्यांना तरी नाही.

त्यांनी तोंड मिटलं.

जनीने कमरेच्या पिशवीतून स्टॉपवॉच काढलं, पदराने पुसलं आणि बाईंच्या हातात ठेवलं. “ऱ्हावंदे तुमच्याकडं. माज्याकडून हरवंल.”

इतक्या वर्षांत ते एकदाही हरवलं नव्हतं. बाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत उभ्या राहिल्या. चुन्याची पहिली रेघ आली तेव्हा जनीने ती न पुसता, पाय उचलून ओलांडली. मग घराकडची वाट सोडून ती देवळाकडे वळली.