ओट्याच्या कडेवरचे डॉलर

सरळ दुकानात जाऊन, पैसे टाकून, वस्तू घेऊन घरी येणं श्रीपत गुरुजींना कधी जमलंच नाही. साधी छत्री घ्यायची तरी महाडची अख्खी बाजारपेठ पालथी घालणार, प्रत्येक दुकानात ती उघडून बघणार, मिटून बघणार, आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत येऊन दोन रुपये कमी करून मागणार. त्यांची बायको चंपाबाई म्हणायची, "अवो, तवर पाऊस सरंल." पण स्वभावाला औषध कुठलं? वरंधच्या बौद्धवाडीतून शिकून शाळामास्तर झालेला माणूस. पैसा पुरवून पुरवूनच संसार उभा केलेला. कंजूष मात्र त्यांना म्हणता येणार नाही. गुरुजी खर्च करत, फक्त खर्चाला आधी बराच वेळ दारात ताटकळत ठेवत.

अशा माणसावर ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात डॉलर विकत घ्यायची वेळ आली.

पोलादपूरच्या कचेरीतले गोमाजी यांनी मे महिन्याच्या सुट्टीत सिलोनची सहल काढली होती. रामेश्वरपर्यंत रेल्वे, पुढे बोट, आणि वैशाख पौर्णिमा तिथल्या विहारात. गुरुजी निवृत्तीला टेकलेले, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. नवरा-बायकोनं नाव घातलं. पासपोर्टच्या फोटोसाठी चंपाबाई आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर एकटी बसली, आणि फोटो बघून म्हणाली, "ही कोण चिडकी बाय?"

तिच्या मनात एकच गोष्ट होती. वाडीनं श्रमदान करून मागच्या वर्षी छोटा विहार बांधला होता. आत बुद्धांची तसबीर होती, मूर्ती नव्हती. सिलोनला पितळेच्या सुरेख मूर्ती मिळतात असं गोमाजी म्हणाले, आणि त्या दिवसापासून चंपाबाईनं विहारातली एक जागा सारवून, रांगोळी काढून रिकामी ठेवली. तिनं नवऱ्याकडे दागिना मागितला नव्हता की लुगडं. ही मूर्ती मागितली. मूर्ती आणायची तर डॉलर जास्त लागणार, आणि ते स्वस्तात कसे मिळवायचे हा प्रश्न गुरुजींच्या पदरात पडला.

गुरुजी कामाला लागले. महाडच्या बँकेतले साहेब भले गृहस्थ. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, परकीय चलन इथं मिळत नाही, मुंबईच्या मोठ्या शाखेत जा. पासपोर्ट दाखवा, तिकीट दाखवा, दोघांनी अर्जावर सह्या करा. सरकार माणशी ठरवून देईल तेवढंच मिळेल, वर बँकेचं कमिशन. त्यातही नोटा थोड्या घ्या आणि बाकीचे प्रवासी चेक घ्या, म्हणाले. ते हरवले तरी पैसे बुडत नाहीत. ही चेकची गोष्ट गुरुजींना फार आवडली. पण मुंबईची जा-ये आणि कमिशन जमेला धरल्यावर त्या पैशांत जेवणखाण भागत होतं, मूर्ती बसत नव्हती.

आखातातून परतलेल्या एका गृहस्थांकडे डॉलर मिळतात असं कळलं. त्यांचा भाव ऐकून गुरुजी पायरीवरूनच मागे फिरले. गोमाजींचं म्हणणं तिसरंच. आपल्याच नोटा बंडीच्या आत शिवून न्याव्यात आणि कोलंबोच्या एखाद्या दुकानदाराकडून बदलून घ्याव्यात. हे ऐकलं आणि कुणी अधिकारी आपली बंडी चाचपतोय असं गुरुजींना चालता-बोलता वाटायला लागलं. पेन्शन तोंडावर आली असताना हे धाडस त्यांच्याच्यानं होणार नव्हतं.

अशात सयाजी भेटला. वरंधच्या खोऱ्यातला जमीनदार शेतकरी, गुरुजींच्या वयाचा. दोघं एकाच शाळेत शिकले. सयाजी वर्गात बसायचा आणि श्रीपत बाहेर पडवीत. आता त्यावर दोघं हसत. सयाजी बौद्धवाडीत येऊन गुरुजींच्या घरी चहा प्यायचा, कप विसळायलासुद्धा स्वतःच उठायचा. त्याचा मुलगा हैबती बोटीवर कामाला होता. हैबती गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला.

"गुरुजी, कशाला मुंबईला खेटं घालता?" सयाजी म्हणाला. "हैबतीचं डालर ट्रंकेत पडून हायत. बँकेच्या भावानं न्या. वर एक पैसा नको मला."

गुरुजींनी सगळीकडून तपासून पाहिलं. भाव बँकेचा, कमिशन नाही, मुंबई नाही, अर्ज नाही, आणि पाहिजेत तेवढे. कायद्याच्या दृष्टीनं ही गोष्ट जरा वाकडी होती खरी. पण आपल्याच विद्यार्थ्याचे डॉलर आहेत, आपण काही काळ्या बाजारात उभे नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. माणूस हिशेबाच्या प्रेमात पडला, की त्याला असल्या समजुती पटापट सुचतात. छत्रीच्या दुकानात उभं राहिल्यासारखा आनंद त्यांना झाला होता.

रविवारी सकाळी दोघं निघाली. आधी सयाजीकडून डॉलर घ्यायचे आणि तसंच फाट्यावरून एसटीनं महाडला गोमाजींच्या घरी जाऊन तिकिटाचे पैसे भरायचे, असं ठरलं होतं. सयाजी घरी नव्हता, शेतावर गेला होता. त्याची आई साळूबाई ओट्यावर मिरच्या निवडत बसली होती. ऐंशीच्या घरातली म्हातारी, पण कान आणि डोळे शाबूत.

"आलास व्हय रे शिरपा?" ती म्हणाली. अख्ख्या तालुक्यात गुरुजींना शिरपा म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. "सयाजी सांगून गेलाय. थांब, आनते."

ती आत गेली आणि पाकीट घेऊन आली. "रावनाच्या मुलखात चाललास म्हनं! बायकोला संबाळ रे बाबा," असं म्हणून आपल्याच बोलण्यावर खुदकन हसली. गुरुजीही हसले. त्यांनी नोटा मोजून घेतल्या, आपले रुपये दिले, तिची तब्येत विचारली आणि निघाले. सगळं इतकं झटपट आणि गोडीत झालं, की गुरुजी फाट्यापर्यंत शीळ घालत आले.

चंपाबाई मात्र फाट्यावरच्या वडाखाली टेकली आणि रस्त्याकडे बघत राहिली. भोरकडून येणाऱ्या एसटीचा अजून पत्ता नव्हता.

"आता मूर्ती पक्की," गुरुजी म्हणाले. "थोडी मोठीच घेऊ."

"तुमी वाकलात," चंपाबाई म्हणाली.

"काय?"

"म्हातारीनं पाकीट ओट्याच्या कडंला ठेवलं. तुमच्या हातात नाय दिलं. तुमी वाकून उचललंत. मंग तुमी आपलं रुपये तितंच ठेवलंत आनि दोन पावलं मागं सरलात. तवा तिनं ते उचललं."

गुरुजी हसायला गेले. "छे! काहीतरीच." मग ते थांबले आणि आठवू लागले. पाकीट त्यांच्या खिशात होतं, म्हणजे ते त्यांनी घेतलं होतं. कुठून घेतलं? डोळ्यांसमोर ओट्याची दगडी कड आली. तिच्यावर पांढरं पाकीट. आणि आपला उजवा गुडघा जरासा दुमडल्याचं त्यांना आता जाणवलं, तेव्हा जाणवलं नव्हतं.

"अगं, म्हातारं माणूस आहे," ते म्हणाले. "तिच्या मनात काही नसतं. जन्माची सवय ती."

"तिची सवय मला ठावं हाय," चंपाबाई म्हणाली. "तुमची कवा लागली?"

दरवर्षी वीस मार्चला चवदार तळ्यावर गुरुजींचं भाषण असे. त्यांचे वडील जानू सत्तावीस साली त्या तळ्यावर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायले होते, ते सांगताना गुरुजींचा आवाज भरून येई आणि समोरचे लोक डोळे पुसत. आणि त्याच जानूचा मुलगा आज, कुणी न सांगता, वाकला होता. म्हातारीनं जबरदस्ती केली असती तर तो भांडला असता. कुणीच जबरदस्ती केली नव्हती. शिकलेलं सगळं डोक्यात राहिलं होतं आणि कमरेला त्याची खबरच नव्हती. गुरुजींना स्वतःची लाज वाटली, इतकी की त्यांनी बायकोकडे पाहायचं टाळलं.

"बँकेतनं घेतलं तर मूर्ती होणार नाही," ते म्हणाले.

"नाय झाली तर नाय झाली."

"तू जागा सारवून ठेवलीस."

"ठेवली. पन तुमी असं वाकून आनलेल्या पैशाची मूर्ती तितं बसवून मी तिच्यापुढं कशी वाकू, ते सांगा."

वळणावर एसटी दिसली. ती आली, थांबली, कंडक्टरनं यांच्याकडे पाहिलं, कुणीच उठत नाही म्हटल्यावर घंटी मारली. एसटी गेल्यावर गुरुजी उठले.

"तू येतेस?"

"तुमी जा. मी हितं बसते."

साळूबाई अजून मिरच्या निवडत होती. गुरुजींना बघून तिनं कपाळाला हात लावून सावली केली. "काय रे, परत का आलास? गाडी चुकली?"

"हे परत करायला आलो, काकी."

"का रे? भाव नाय पटला?"

"पटला. यापेक्षा चांगला भाव कुठं मिळायचा?"

"मंग नोटा खोट्या हायत?"

"खऱ्या आहेत. नको आहेत, एवढंच."

म्हातारीला काही उमगलं नाही. श्रीमंतांचे आणि मास्तरांचे असले फेरे तिनं पुष्कळ पाहिले असतील. "बरं. ठेव तितं," ती म्हणाली आणि मिरचीचा देठ मोडला.

ओट्याची कड समोर होती, गुरुजींच्या कमरेच्या जरा खाली. ठेवावं आणि निघून जावं, असं त्यांना वाटलं. काकींचं वय झालंय, सयाजी मित्र आहे, सगळं सरळ चाललंय, कशाला एका म्हातारीला या वयात अडचणीत घालायचं? हे सगळं खरंच होतं. हात खाली जाऊ लागला. तो त्यांनी मध्येच थांबवला आणि पाकीट धरून तिच्यासमोर लांब केला.

"हातात घ्या, काकी."

म्हातारीचे हात थांबले. तिनं पाकिटाकडे पाहिलं, मग गुरुजींच्या तोंडाकडे, मग रिकाम्या अंगणाकडे. कोंबड्यांशिवाय तिथं कुणी नव्हतं. वीस मार्चच्या भाषणातलं एक वाक्यही गुरुजींना आठवलं नाही. हात दुखायला लागला तरी तो त्यांनी तसाच ठेवला.

"माझं हात मिरचीचं हायत रे," ती हळूच म्हणाली.

"असू द्या."

साळूबाईनं हात पदराला पुसले, एकदा पुसले, दोनदा पुसले. मग पुढं होऊन पाकीट घेतलं. घेताना तिची बोटं गुरुजींच्या बोटांना लागली. खरखरीत होती, कामाच्या माणसाची असतात तशी. ती आत गेली आणि त्यांचे रुपये घेऊन आली. कडेशी येऊन सवयीनं खाली वाकली, तेवढ्यात तिला गुरुजींचा पुढं केलेला हात दिसला. गुडघ्यावर हात टेकून ती सावकाश सरळ झाली आणि रुपये तिनं त्या हातावर ठेवले.

"शिरपा," ती म्हणाली, "माज्यावर रागावलास व्हय रे?" तिच्या आवाजात भीती नव्हती, घमेंड नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुमच्यावर नाही, काकी," गुरुजी म्हणाले आणि वळले. ती हात धुवायला रांजणाकडे गेली की पुन्हा मिरच्यांशी बसली, हे पाहायला त्यांनी मान वळवली नाही.

चंपाबाई वडाखाली तशीच बसली होती. ती उठून उभी राहिली.

"घेतलं तिनं?"

"घेतलं."

"हातात?"

गुरुजींनी मान डोलावली. इतका वेळ दगडासारखी बसलेली चंपाबाई आता पदर तोंडाला लावून रडायला लागली. गुरुजी गोंधळले. मूर्तीसाठी रडते आहे असं त्यांना वाटलं. सुट्टी लागली की मुंबईला जाऊ, म्हणाले, बँकेतून घेऊ, मूर्तीला पैसे पुन्हा साठवू, पुढच्या वर्षी कुणी जाणारं असेल त्याच्याबरोबर मागवू. ते बोलत राहिले आणि ती नाही-नाही म्हणून मान हलवत राहिली.

"मूर्तीचं नाय वो," डोळे पुसत ती म्हणाली. "मला वाटलं, कडंलाच ठेवून याल."