अर्धी राहिलेली झाकरी

सुनयनाने टीव्हीवरची पांढरी चादर उचलली आणि मागे हात घातला. टीव्ही आणि कॉम्प्युटर, दोघांचा मिळून एकच प्लग; तो भिंतीतून उपसलेला होता. वायरची गुंडाळी करून तिला दोरा बांधला होता. इतकं नेटकं काम या घरात एकच बाई करायची.

टीव्हीला जोडलेला तो छोटा कॉम्प्युटर तिने मागच्या वर्षी, पंच्याऐंशी साली, हौसेने घेतला होता. वडिलांची झाकरीची, गणपतीपुढे फेर धरून म्हणायची गाणी त्यात उतरवायची होती. मॉरिशसमधल्या साऱ्या कार्तिए मिलितेर गावात ती आता एकट्या त्यालाच, लक्ष्मणला, पाठ होती, आणि त्याची छाती दगा देऊ लागली होती. चार दिवस तो सांगत होता, ती टाइप करत होती. तिने स्वतः लिहिलेला प्रोग्राम एक ओळ घ्यायचा आणि पुढच्या ओळीची वाट पाहत थांबायचा. सगळं संपलं असं सांगून फाइल बंद केली, की मगच गाणी कॅसेटवर उतरायची; तोवर ती चालू मशीनच्या पोटातच, वीज तुटली की पुसली जाणारी. रोज संध्याकाळी ती विचारायची, "बा, बंद करू?" आणि म्हातारा हटून बसायचा.

"झाकरी अर्ध्यावर मोडू नये. देवाला उभा ठेवून दार लावतेस काय?"

त्या हट्टापुढे तिचं सगळं शिक्षण पाण्यात गेलं. मशीन चालूच राहिलं. पाचव्या सकाळी त्याला इस्पितळात नेलं, ती सोबत गेली, आणि तो परत आला नाही.

आज तेरावं उरकल्यावर तिने कॅसेट दोनदा फिरवून पाहिली. कोरी.

"लागली का गानी?" पुष्पावती दारात उभी होती. "वाचून दाखव. शेजारची चंद्रिका आन् समदी येनार ऐकाया."

"आई, टीव्ही कुणी बंद केला?"

"मीच. खबर आली तवा त्यो उजेड लुकलुकत व्हता. आयो, मयताच्या घरात टीव्ही? पयला त्योच काढला. रडाया येळ कुठला!"

आपल्या हातून काही चुकलं नाही, याचं पुष्पावतीला समाधान होतं. तेरा दिवसांत तेवढंच तिच्या वाट्याला आलं होतं.

सुनयनाने वायर पाठीमागे सारली.

"गाणी गेली, आई. मी फाइल बंद करायला विसरले."

"चार दिस त्यानं छाती फोडून सांगितलं, आन् तू विसरलीस?"

"हो."

"तोंड नको दाखवू मला."

पुष्पावती आत गेली. थोड्या वेळाने तिचं रडणं ऐकू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळं, मोठ्याने, लेकीला शिव्या देत. सुनयना ऐकत बसून राहिली. ती आत गेली नाही.