मालिनावचा शंख चिखलीत

मी एक शंख. वाजण्यासाठीच मला समुद्रातून काढलं, आणि बारा वर्षं मी तोंडात लाख भरून चिखली गावातल्या एका देव्हाऱ्यात गप्प बसलो. आता लाख निघाली आहे, तेव्हा सगळं सांगून टाकतो. उशीर झालाय, हे मलाही कळतं. तरी ऐका.

माझं गाव मालिनाव. मुंबईहून बोटीत बसलं की उगवतीला महिनाभर पाणीच पाणी, मग फिलिपाइन्स नावाचा बेटांचा देश लागतो. त्यातल्या एका बेटाच्या काठावर हे एवढंसं गाव. बोली तागालोग. त्या बोलीत मालिनाव म्हणजे नितळ.

भाकरीचा घास मोडून घ्यावा तसा तिथला किनारा समुद्रानं मोडून घेतला आहे. डावीकडे खारफुटी, उजवीकडे मिठागर, मागं नारळांनी झाकलेली टेकडी आणि तिच्यावर दगडी बुरूज. मधून नदी येते. ही नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते बरं! भरती आली की समुद्र तिला मागं रेटतो. सकाळी वाहून गेलेलं लाकूड दुपारी परत दारात येतं. म्हणून तिथली माणसं गेलेल्याला ‘गेला’ म्हणत नाहीत. ‘भरतीला येईल’ म्हणतात.

एका कोळ्यानं मला खोल पाण्यातून वर काढलं. हातभर लांब मी, अंगावर तपकिरी ठिपके. त्यानं माझ्या कुशीला सुपारीएवढं भोक पाडलं, ओठ लावले, फुंकलं, आणि मला वाचा फुटली. तेव्हा दक्षिणेकडून लुटारूंच्या होड्या यायच्या आणि माणसं धरून न्यायच्या. बुरुजावरून मी एकदा लांब ओरडलो की बायका लेकरं काखेत मारून टेकडीला लागायच्या. तीनदा थांबून थांबून ओरडलो, तर अर्थ वेगळा. ‘होड्यांनो, घरी या.’

पुढं स्पेनचे पाद्री आले. त्यांनी समुद्रातले प्रवाळाचे दगड चिरून देऊळ बांधलं, त्यावर घंटा टांगली. मग मला कोण विचारतो! मी एका घरात खुंटीला लटकलो. पिढ्या गेल्या. अमेरिकी आले, त्यांनी शाळा काढली. जपानी आले, त्यांनी तांदूळ नेला, होड्या नेल्या, जाताना घंटाही नेली. लढाई संपली तेव्हा गावात हाक मारायला मीच उरलो होतो. मला वाजवायची ती एक म्हातारी. तिला सगळे लोला म्हणत. लोला म्हणजे आजी.

आणि तिच्या दारात सेहेचाळीस साली एक माणूस फळीवर घालून आणला. तो मुरारी.

मुरारी चिखलीचा. थोरल्या भावाशी बांधावरून बोलाचाली झाली आणि डोक्यात राख घालून हा मुंबईला निघून गेला. तिथं त्याच्याच खोलीत राहणाऱ्या बाळाजी नावाच्या कोकण्यानं त्याला बोटीवर कोळसा ओढायला लावलं. ज्यानं पोहण्याएवढं पाणी पाहिलं ते इंद्रायणीच्या डोहात, तो समुद्रावर गेला! धान्याची पोती उतरवताना मालिनावच्या धक्क्यावर त्याच्या मांडीवर पोत्यांची थप्पी आली. हाड मोडलं. बोट थांबायला तयार नव्हती.

लोलानं त्याच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. बोट निघताना तिनं मला खुंटीवरून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. घरच्यांना काहीतरी धाड, असं खुणेनं सांगितलं. मुरारीनं मला आपल्या सदऱ्यात गुंडाळून बाळाजीकडं दिलं.

“बाळा, ह्यो माझ्या मंडळीला दे. म्हनावं, पाय मोडलाय, जीव शाबूत हाय. हाड सांधलं की येतो. आन् वाजवून दाखीव तिला. म्हनावं, तिकडनं फुंकलंस तर मला हितं ऐकू येईल.”

“मेल्या, तुझी बायको माका येडो म्हणात,” बाळाजी हसला.

मुरारीही हसला. मी त्याला शेवटचं पाहिलं ते असं, हसताना.

बाळाजीनं मुंबईत पाय ठेवला आणि चौथ्या दिवशी त्याला दुसरी बोट लागली. त्यानं मला खानावळीच्या बाईकडं ठेवलं, निरोप सांगितला. बाईनं तो अर्धा लक्षात ठेवला. दोन महिन्यांनी चिंचवडचा एक गाडीवान भेटला, त्याला तिनं अर्ध्यातला अर्धा सांगितला. गाडीवानानं मला चिखलीच्या वेशीतल्या घरी आणून ओट्यावर ठेवलं. “हे मुरारीचं,” म्हणाला आणि बैल हाकले. एवढंच उरलं होतं निरोपातलं.

सदरा उलगडताच थोरल्या जावेनं, मंजुळाबाईनं, तोंडाला पदर लावला. सामान एकटं परत आलं की माणूस गेला, हा गावचा हिशेब. पण मुरारीची बायको सोजराबाई रडली नाही. तिनं मला उचललं, उलटसुलट पाहिलं. शेजारची शालनबाई डोकावली.

“अगं सोजरे, ह्यो शंक हाय का दुध्या भोपळा?”

“कसा का आसंना. त्यांनी धाडलाय.”

“पर फुटका गं! ही बघ, कुशीला भोक.”

तिथंच माझा घात झाला. अगं बाई, हे भोक नाही, हे तोंड आहे! मी जीव तोडून सांगत होतो, पण फुंकणाऱ्यावाचून शंखाला आवाज कुठला? घरच्या पूजेचा शंख या लोकांत वाजवत नाहीत, त्यातून देवाला पाणी घालतात. गळका शंख काय कामाचा? सोजराबाई सोनाराकडं गेली, दागिन्यात भरतात तो लाखेचा खडा मागून आणला, दिव्यावर तापवला आणि आपल्या हातानं माझं तोंड बंद केलं. किती मायेनं केलं म्हणून सांगू! वरून बोट फिरवून गुळगुळीतसुद्धा केलं. मग देव्हाऱ्यापुढं बसून बोलली, “मालक घरला येस्तोवर रोज ह्याच्यातनं देवाला आंघूळ घालीन.”

बारा वर्षं एक दिवस चुकला नाही. रोज खंडोबाच्या टाकांवर माझ्यातून पाणी पडायचं. ते झालं की ती मला पदरानं पुसायची आणि कानाला लावायची. मोठ्या बाजूनं समुद्राची घुंई तेवढी ऐकू येते, ती ऐकत बसायची.

“आज काय म्हंत्यात?” शालनबाई भिंतीपलीकडून विचारायची.

“पानी लई हाय म्हंत्यात.”

“मग पवून या म्हनावं.”

दोघी हसायच्या. पलीकडची आत गेली की सोजराबाईचं हसू तिथंच ओघळायचं.

तोवर पिंपरीकडं माळावर कारखाना उभा राहिला. सकाळ-संध्याकाळ त्याचा भोंगा चिखलीपर्यंत यायचा. भोंगा झाला की माणसं जातात, भोंगा झाला की माणसं घरी येतात. मी देव्हाऱ्यात ऐकत राही. हेच काम माझं होतं हो.

अठ्ठावन्न साल उजाडलं. थोरला भाऊ सोपानराव आता थकला होता. त्याच्या लेकीचं लग्न तीनदा ठरून मोडलं. लोक म्हणू लागले, घरातल्या माणसाची गती झाली नाही, तो आडवा येतोय. माणूस नाहीसा होऊन बारा वर्षं झाली की इकडं पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि रीतसर जाळतात. मग तो मेला. मग त्याची बायको विधवा.

सोपानराव ओट्यावर बसून बोलला. वाईट माणूस नव्हता तो. बोलताना जमिनीकडं बघत होता.

“सोजरा, बारा वर्सं झाली. आता मोकळं कर त्याला.”

“कुनी बगितलंय का भावजी, त्येंना मेल्यालं?”

“जित्तं तरी कुनी बगितलंय?”

मी पाहिलंय! मी! फळीवर पडून हसताना पाहिलंय! पुढं त्याचं काय झालं हे मलाही ठाऊक नाही, पण मरताना कुणी पाहिलेलं नाही. तोंडाशी एवढा शब्द आणि त्यावर सुपारीएवढी लाख.

“पोरगी तुझ्या मांडीवर वाढली,” मंजुळाबाई हळूच म्हणाली. “तिच्याकडं बग.”

सोजराबाईनं पुतणीकडं पाहिलं. पोरगी चुलीपुढं मान घालून बसली होती. सोजराबाई म्हणाली, “करा.”

इंद्रायणीच्या काठी पळसाचा मुरारी निजवला. नारळाला मुंडासं गुंडाळलं. मालिनावच्या टेकडीवर असलेच नारळ असतात. आणि पाणी कशातून सोडलं? माझ्यातून. ज्यानं होड्या घरी बोलवायच्या, त्याच्याकडून माणसाला निरोप देववला. भटजींनी मला चितेलगतच्या दगडावर ठेवलं. पानं तडतडली. मागं बायकांनी सोजराबाईला घेरलं, दगडावर बांगड्या वाढवल्या. काचेचा तो आवाज आगीपेक्षा मोठा होता.

आग अंगाला लागत होती. कुशीत काहीतरी मऊ झालं, ओघळलं, टपकन खाली पडलं. बारा वर्षांनी माझ्या तोंडाला वारा लागला.

“शंक गळाया लागला,” सोपानराव म्हणाला. “आता पूजंला न्हाई चालायचा. द्या नदीत सोडून.”

सोजराबाईनं झडप घालून मला उचललं. रिकाम्या मनगटानं पोटाशी धरलं. लाखेच्या जागी तिला भोक दिसलं, गुळगुळीत, कुणाच्या तरी ओठांनी झिजलेलं. तिनं बोट फिरवलं. मग काय मनात आलं कोण जाणे, ओठ लावले आणि फुंकलं.

आधी नुसता वारा. मग मी वाजलो. ती थांबली, दचकली, पुन्हा फुंकलं. पुन्हा थांबली, पुन्हा फुंकलं. तीनदा. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“वैनीचं डोस्कं फिरलं,” कुणीतरी कुजबुजलं. कुणीही तिच्या हातातून मला काढून घेतलं नाही.

माझा आवाज मोशीच्या शिवारापर्यंत गेला असेल, फार तर. इंद्रायणी आपली खालीच वाहत राहिली. ती उलटी वाहत नाही.

पुतणीचं लग्न झालं. मी आता देव्हाऱ्यात नाही, खुंटीला असतो. रोज संध्याकाळी कारखान्याचा भोंगा थांबला की सोजराबाई मला घेऊन नदीवर जाते, तीनदा फुंकते आणि घरी येते. मुरारीचा निरोप तिला मी अजून सांगू शकलेलो नाही. मला आवाज आहे, शब्द नाहीत.

तुमच्यातलं कुणी बोटीवर गेलं, तर मालिनावला उतरा. डावीकडे खारफुटी, उजवीकडे मिठागर, नदी उलटी वाहताना दिसेल. तिथं लंगडत चालणारा कुणी भेटला, तर त्याला एवढंच सांगा. जाळला तो पळसाचा होता. आणि संध्याकाळी जरा कान देऊन ऐक म्हणावं, तिकडून फुंकतेय ती.