खंडेनवमीनंतर मी पेटले नाही

मी एक जुनी शेगडी आहे. घरातली दोन बर्नरची नव्हे. चाकणच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी उभी असते, कमरेएवढी उंच, तीन मोठ्या तोंडांची. माझ्यावर आमटीचं जे पातेलं बसतं, त्यात, मित्रांनो, तुमच्यातला एखादा सहज मावेल. मावून बघू नका.

माझा जन्म भोसरीतला. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला कापलं, वाकवलं आणि जोडलं. शेजारी लग्नाच्या मांडवातल्या शेगड्या तयार होत होत्या. त्या गावोगाव फिरतात, नवरा-नवरी बघतात, बँड ऐकतात. मी टेम्पोतून थेट चाकणला आले आणि मला भिंतीशी जखडलं. तेव्हापासून मी समोरची एकच भिंत बघते आहे. तिच्यावर हात कसे धुवावेत ते लिहिलेलं आहे. मला त्याचा उपयोग नाही.

कारखान्याच्या आवारात प्रोपेनची टाकी आहे. तिथून पिवळ्या पाइपातून गॅस माझ्यापर्यंत येतो. माझ्या पोटाशी करंगळीच्या नखाएवढी एक ज्योत दिवसभर जळत असते. तिला सगळे पायलट म्हणतात. ती जळत असेल तरच माझी मोठी तोंडं पेटतात. तिच्या शेजारी तांब्याची एक काडी आहे. ज्योतीनं काडी तापलेली असली की गॅसची वाट उघडी राहते, थंड पडली की वाट बंद होते. पायलट विझली आणि गॅस नुसताच सुटत राहिला, असं होऊ नये म्हणून ही सोय. लोक मात्र त्याला माझा हट्ट म्हणतात. आमटी छान झाली की नाव स्वयंपाकिणीचं होतं, बिघडली की डाळीचं. शेगडीचं नाव निघतं ते ती पेटली नाही तरच.

माझ्यापाशी उभ्या राहणाऱ्या स्वयंपाकीणबाई म्हणजे सुमनताई. त्या धाराशिवकडच्या. नवरा इथल्याच एका कंपनीत होता. तो आजारपणात गेला आणि त्या या कँटीनला लागल्या. सकाळी आल्या की आधी माझी पायलट पेटवतात, मग पदर खोचतात. माझ्याशी त्या बोलत नाहीत, आणि शेगडीशी गप्पा मारणारी बाई मला आवडलीही नसती. पण काही उतू गेलं की त्या लगेच फडकं घेऊन माझी तोंडं पुसतात. शेगडीला एवढं पुरतं.

आमच्या भागात खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते. लेथला हार, प्रेसला हार, सामान उचलणाऱ्या फोर्कलिफ्टलाही हार. कँटीनमध्ये मान माझा. हार जळू नये म्हणून त्या दिवशी माझी पायलटसुद्धा बंद करतात. हळदीकुंकू लावायला दरवर्षी कँटीनच्या ठेकेदाराची, म्हणजे ज्योतीरामची, बायको यायची. यंदा ती माहेरी अडकली होती.

"ताई, तुम्हीच लावा," ज्योतीराम सुमनताईंना म्हणाला. "शेगडीपाशी रोज तुम्हीच असता."

कोठीचं सामान सांभाळणारे उद्धवराव मागं उभे होते. ते इथल्याच जुन्या गावातले. "ज्योतीराम, आमच्यात विधवा बाई पूजेला हात लावत न्हाई," ते म्हणाले.

"शेगडीला काय कळतंय, उद्धवराव?"

मला बरंच कळतं, पण तो विषय वेगळा. सुमनताईंनी वाटीत कुंकू कालवलं आणि थोडा वेळ त्या वाटीकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्या तोंडांना कुंकू लावलं, पायांना लावलं. शेवटी खाली वाकून, जिथून अग्नी निघतो त्या पायलटच्या टोकाला चांगलं बोटभर लावलं. त्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक असतं. ते बुजलं हे मला तेव्हाच कळलं. पण तोंडं तीन असली तरी शेगडीला बोलता येत नाही. नारळ फुटला, पेढे वाटले, दिवे मालवून सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती, त्यामुळे कुंकवाला वाळायलाही भरपूर वेळ मिळाला.

सुट्टीनंतरच्या सकाळी सुमनताईंनी माझी खुंटी दाबून फिरवली आणि लायटर ओढला. ज्योत आली नाही. त्यांनी पुन्हा ओढला. मग ज्योतीराम आला. त्यानं शेजारचा चहाचा बर्नर पेटवून बघितला. तो याच पाइपवर आहे आणि तो लगेच पेटला, म्हणजे गॅस होता. मग त्यानं माझी खुंटी अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबून धरली. त्याचाही उपयोग झाला नाही. तेव्हा त्यानं पळीनं मला दोन फटके मारले. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. उद्धवरावांनी लिंबू-मिरची आणून माझ्या पायाला बांधली. माझ्या पायाला कोणताही आजार नव्हता.

पहिल्या शिफ्टला बाहेरून वडापाव मागवावा लागला. वडापाव हातात घेऊन उद्धवराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी म्हनलं व्हतं. इतकी वर्सं कधी बंद पडली न्हाई, आन् आत्ताच कशी पडली?"

भांडी घासणाऱ्या दोघींनी सुमनताईंकडे बघितलं आणि मान खाली घातली. ज्योतीराम वाईट माणूस नाही, पण भित्रा आहे. तो सुमनताईंजवळ जाऊन हळू म्हणाला, "ताई, आज तुम्ही भाजी निवडायला बसा. आणि उद्यापासून भांड्यांकडं बघा. माझं काही नाही हो. पण उद्या आणखी काही झालं, तर लोक मलाच विचारतील."

"बरं," सुमनताई म्हणाल्या. त्यांनी गवारीची पाटी ओढली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

आता, कोण कुठे बसतं याचं मला सोयरसुतक नसतं. कोणीही पेटवलं तरी मी सारखीच पेटते. पण त्या दिवशी मला वाईट वाटलं. एरवी मी म्हटलं असतं की कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. इथे तसंही नव्हतं. मी बंद पडले होते ती सुमनताईंच्या कुंकवानंच, आणि तरीही उद्धवराव म्हणत होते ते खोटं होतं. हे सांगायचं कसं आणि कोणी?

दुपारी भोसरीहून मिनल आली. ती शेगड्या दुरुस्त करते. तिनं आल्या आल्या मोठा कॉक बंद केला, खिडक्या उघडायला लावल्या, जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. बुडबुडे नव्हते. मग ती माझ्यासमोर फरशीवर चक्क आडवी झाली आणि मोबाइलचा उजेड माझ्या पोटात टाकला.

"लाइन ओके आहे," ती म्हणाली. "गॅस पायलटच्या तोंडाशी अडतोय. ही शेवटची पेटली त्यानंतर काय केलंत?"

"काही नाही," ज्योतीराम म्हणाला. "पूजा केली फक्त."

मिनलनं पाना लावून पायलटचं टोक सोडवलं आणि पांढऱ्या फडक्यावर धरून हलकेच ठोकलं. फडक्यावर लाल खपली पडली.

"बगा," उद्धवराव म्हणाले. "कुंकूच निघालं."

गवारीच्या शेंगा मोडण्याचा आवाज थांबला.

"कुंकूच आहे," मिनल म्हणाली. तिला आधीचं काहीच माहीत नव्हतं. "पीठ असतं तरी हेच झालं असतं. मागच्या आठवड्यात तळेगावला एका शेगडीत कोळ्याचं जाळं निघालं. भोक बुजलं की गॅस येत नाही, एवढंच. हे लावलं कोणी?"

सुमनताई उठल्या, पदराला हात पुसले आणि पुढे आल्या. "मी लावलं, बाई."

"मावशी, केवढं लावलंत!" मिनल हसून म्हणाली.

"इतक्या वर्षांनी कुंकवाला हात लागला," सुमनताई म्हणाल्या. "आवरलाच नाही."

मिनलचं हसू गेलं. तिनं उद्धवरावांकडे बघितलं, माझ्या पायाच्या लिंबू-मिरचीकडे बघितलं, मग सोडून दिलेल्या गवारीच्या पाटीकडे. तिला किती कळलं ते मला सांगता येणार नाही. तिनं टोकात बारीक ब्रश फिरवला, हवा मारली आणि टोक परत बसवलं. मग सुमनताईंचं बोट धरून माझ्या पुढच्या पट्टीवर टेकवलं.

"पुढच्या वर्षी इथं लावा. हवं तेवढं लावा. इथं काही बुजत नाही."

पुढच्या वर्षी, असं ती अगदी सहज म्हणून गेली. ज्योतीरामनं ते ऐकलं. त्यानं खिशातला लायटर काढला आणि हातातच फिरवत बसला. मग सुमनताईंच्या पुढे धरला. "ताई, पेटवा. सेकंड शिफ्टची आमटी व्हायचीय. आणि सकाळी मी जे बोललो, ते विसरा."

"विसरायचं कशाला?" सुमनताई म्हणाल्या. "फक्त परत बोलू नका."

त्यांनी खुंटी दाबली आणि लायटर ओढला. मी पेटले. त्यांनी काडी तापेपर्यंत खुंटी धरून ठेवली, मग सोडली. ज्योत टिकली. उद्धवराव "फुडल्या वर्सी जरा बेतानं लावा म्हंजे झालं," असं म्हणाले आणि कोठीत गेले.

मित्रांनो, तुमच्याकडेही शेगडी असेल, सायकल असेल, शिलाईचं यंत्र असेल. त्यांची पूजा जरूर करा. हार घाला, कुंकू लावा, आम्हाला ते आवडतं. पण वर्षातून एकदा हार घालून भागत नाही, रोज फडकंही फिरवावं लागतं, आणि आमच्या श्वासाच्या जागा मोकळ्या ठेवाव्या लागतात. आणि एखाद्या सकाळी काही पेटलंच नाही, तर वाकून भोक बघा. शेजारी उभ्या असलेल्या बाईचं कपाळ बघू नका.