पुरेसं खराब तेल

विमानांनी आता जुन्या तेलावर उडायचं, असं सरकारने एकदा ठरवलं. म्हणजे अगदी तसंच नाही. हॉटेलं, खानावळी, कँटीनं यांच्या कढयांतलं वापरून झालेलं तेल गोळा करायचं, कारखान्यात नेऊन त्याचं इंधन करायचं आणि ते विमानाच्या नेहमीच्या इंधनात थोडं थोडं मिसळायचं. जमिनीखालून काढलेलं तेल तेवढं कमी जळेल आणि हवा तेवढी कमी बिघडेल, असा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. धोरणाची पुस्तिका गुळगुळीत कागदावर छापली होती, मुखपृष्ठावर हिरवं विमान होतं, आणि आत जी काही कामाची कलमं होती त्यांतली बरीचशी एका जावयाने लिहिली होती.

जावई म्हणायचं कारण असं, की खात्यात तो उपसंचालक असला तरी विमानतळाच्या मालवाहू फाटकापाशी त्याला उपसंचालक कुणी म्हणत नसे. फाटकाच्या आत एक कँटीन होतं. त्याच्या मालकीणबाईंना सगळे हमाल, ड्रायव्हर आणि पहारेकरी मावशी म्हणत, आणि हा मावशींचा जावई. एवढी ओळख तिथे पुरेशी होती. मोठ्या खात्यातला जावई म्हणून त्याला खुर्ची पुसून मिळे, आणि त्याच कारणासाठी त्याची चेष्टाही होई.

मावशींचे यजमान लवकर गेले. मुलगी तेव्हा शाळेत होती. त्यांनी कँटीन चालवून तिला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न करून दिलं आणि तरी कँटीन सोडलं नाही. मुलीने, जावयाने खूप आग्रह केला, की आता घरी या, आराम करा. मावशी म्हणाल्या, आराम करून माणसं आजारी पडतात. खरं म्हणजे त्या कँटीनखेरीज त्यांना स्वतःचं असं दुसरं काही नव्हतं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात एक नियम होता. रोजचं तेल रोज. सकाळी कढईत नवं तेल पडे, त्यात मासे, अंडी, बटाट्याचे काप तळले जात, आणि दुपारची गर्दी ओसरली की ते तेल डब्यात जाई. दुसऱ्या दिवशी त्याला कुणी हात लावत नसे. दिवसभर ओझी उचलणाऱ्या माणसाच्या पोटात कालचं तेल घालायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी ते डबे इमारतीच्या कामावरची माणसं घेऊन जात, स्लॅबच्या फळ्यांना फासायला. पदराला खार लागतो म्हणून नोकरांनी कधी कुरकुर केली तर मावशी म्हणत, पदर माझा आहे.

समोरच्या टपरीवर दाढीवाला होता. त्याचंही तळणच. त्याच्या कढईतलं तेल कधी बदललं जातं हे कुणी पाहिलेलं नव्हतं. ते कमी झालं की तो वरून भर घाली. हमाल म्हणत, दाढीवाल्याकडे खाल्लं की दुपारी ओझं उचलायला नको, ते पोटातच असतं.

तर धोरण आलं. जुन्या तेलाला सरकारने इतका चांगला भाव दिला की ते नव्या तेलापेक्षा महाग झालं. असं झालं की माणसं काय करतात हे सांगायला उपसंचालक लागत नाही. महिनाभरात नव्या तेलात काजळी आणि चहाचं पाणी कालवून ते जुनं म्हणून विकणारे हुशार लोक निघाले. खात्याची अब्रू जायची वेळ आली. तेव्हा जावयाने एक कलम लिहिलं. तेल किती बिघडलंय हे आकड्यात सांगणारं एक हातात मावणारं यंत्र असतं. त्याची दांडी तेलात बुडवायची. आकडा अमुक एका रेषेच्या वर गेला तर ते खरोखर वापरलेलं तेल, आणि खाली राहिला तर ती फसवणूक.

रेषा कुठे ओढायची हे ठरवायला शहरातल्या पुष्कळ स्वयंपाकघरांतून तेलाचे नमुने आणले. मालवाहू फाटकाजवळच्या कँटीनचं नाव यादीत आलं तेव्हा जावयाने ते स्वतःच्या हाताने खोडलं. सासूबाईंच्या कढईतलं तेल सरकारी प्रयोगशाळेत आणायचं, उद्या कुणी बोट दाखवायचं, हे त्याला नको होतं. माणूस धुतल्या तांदळासारखा. त्या खोडण्याचा त्याला थोडा अभिमानही वाटला होता.

बाकी सगळीकडून जे तेल आलं ते दाढीवाल्याच्या तेलाचं सख्खं नाहीतर चुलत भावंड होतं. त्यावरून रेषा ओढली गेली.

मग विमानतळाच्या व्यवस्थापनाने उत्साहाच्या भरात आणखी एक नियम काढला. आवारातल्या प्रत्येक खानावळीने जुनं तेल या योजनेलाच द्यायचं. ज्याचा नमुना उतरेल त्याला हिरवी पाटी, आणि ज्याचा तीनदा नापास होईल त्याचा परवाना रद्द. दाढीवाल्याचा नमुना पहिल्याच फटक्यात उतरला. त्याच्या टपरीवर हिरवी पाटी लागली. तिच्यावर विमान होतं, पान होतं आणि खाली लिहिलं होतं, स्वच्छ आकाशाचे सोबती. मावशींचा नमुना नापास झाला. पंधरवड्याने पुन्हा घेतला, तोही नापास झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण इथे फाशी देणारं यंत्र होतं आणि त्याला संन्यासी ओळखू येत नव्हता.

मावशींनी जावयाला यातलं काही सांगितलं नाही. त्याला कळलं ते बायकोकडून. ती ऑफिसातून येता येता आईकडे जाऊन आली होती. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि चपला न काढताच म्हणाली, "तुझ्या यंत्राने माझ्या आईला चोर ठरवलंय."

त्याने सगळं ऐकून घेतलं. चूक कुठे झाली हे त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं. शहरातलं एक स्वच्छ स्वयंपाकघर त्याच्या माहितीचं होतं, आणि नेमकं तेच त्याने मोजणीतून काढून टाकलं होतं. त्याला लाज वाटली. पण लाज वाटून कलम बदलत नाही, त्यासाठी टिप्पणी लिहावी लागते. ती त्याने दुसऱ्याच दिवशी लिहिली. जी खानावळ रोज नवं तेल वापरते आणि तेलखरेदीच्या पावत्या दाखवते, तिचं तेल यंत्राने नापास केलं तरी स्वीकारावं, एवढंच त्यात होतं.

संचालकसाहेबांनी टिप्पणी वाचली. मुद्दा बरोबर आहे म्हणाले. मग विचारलं, की अशा तक्रारी किती आल्या आहेत. एक, असं त्याने सांगितलं. कोणाची, असं त्यांनी विचारलं. दुसरा कुणी असता तर विमानतळाच्या आवारातली एक खानावळ, एवढं म्हणून सुटला असता. त्याने खरं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. "अरे, उद्या छापून येईल," ते म्हणाले, "सासूसाठी धोरण बदललं. खरं असो, खोटं असो, योजना बदनाम होईल. दुसरी एक तक्रार येऊ दे. मी लगेच सही करतो."

दुसरी तक्रार यायला दुसरी मावशी हवी होती. जावयाने वाट पाहिली. जुन्या तेलाच्या चांगल्या भावाबद्दल आभार मानणारी पत्रं मात्र पुष्कळ आली.

त्या रविवारी मावशी लेकीकडे जेवायला आल्या. जावयाने खाली मान घालून सगळा प्रकार सांगितला. त्यांनी साहेबांचीच बाजू घेतली. जावयाच्या ओळखीने सुटली असं फाटकावर कुणी म्हटलेलं त्यांनाही नको होतं. लेक चिडली. तुम्हा दोघांचा सरळपणा मिळून कँटीन बंद पाडणार, असं म्हणून ती भांडी आवरायला उठली.

मग मावशींनी सहज विचारावं तसं विचारलं, "जावईबापू, त्या यंत्राला नक्की काय हवं असतं?"

विषय आवडीचा होता. जावयाने समजावून सांगितलं. तेल पुन्हा पुन्हा तापलं की तुटतं. हवा लागली की लवकर तुटतं, पाण्याचा अंश असला की आणखी लवकर. काळा रंग यंत्राला कळत नाही, त्यामुळे काजळी घालून ते फसत नाही. तेलाला खरंच भोगावं लागतं. मावशी लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, की तेलात काही तळलेलंच असायला हवं का. जावई म्हणाला, तसं काही नाही, यंत्राला फक्त तेलाची अवस्था कळते. मावशी बरं म्हणाल्या आणि चहा पिऊन घरी गेल्या.

तिसरा नमुना सोमवारी सकाळी घेणार होते. त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी ऑफिस सुटल्यावर जावई कँटीनकडे गेला. साहेबांनी पुन्हा नकार दिला होता आणि हे फोनवर सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. शिवाय एक शंका त्याला आठवडाभर पोखरत होती. यंत्राला काय हवं हे मावशींनी विचारलं कशाला? परवाना वाचवायला त्या कालच्या तेलात आज तळायला लागल्या असतील, तर त्यांना तिथवर आपण नेलं, असं त्याला वाटत होतं. बायकोला हे बोलून दाखवायची त्याची हिंमत झाली नव्हती.

कँटीनचं शटर अर्धं खाली होतं. बाकं उलटी करून टेबलांवर ठेवली होती, फरशी नुकतीच पुसली होती. नोकर निघून गेले होते. आत मोठी शेगडी भडकलेली होती आणि तिच्यावरच्या कढईत तेल उकळत होतं. वास उग्र होता, डोळ्यांत जाणारा. मावशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. झाऱ्याने तेल वर उचलत होत्या आणि उंचावरून परत कढईत सोडत होत्या. शेजारी पाण्याची वाटी होती. अधूनमधून त्या बोटं बुडवून दोन थेंब शिंपडत, तेल तडतडे, त्या मागे सरत आणि पुन्हा झारा घेत. कढईत तळायला काहीही नव्हतं.

जावई शटरखालून वाकून आत आला आणि तसाच उभा राहिला.

"गिऱ्हाइकांचं ताज्यातच तळून झालं," त्याने काही विचारायच्या आतच मावशी म्हणाल्या. "हे त्यानंतरचं. मंगळवारपासून रोज दुपारी तापवतेय. माणसांना मी हे घालणार नाही, पण विमानाला चालतं म्हणता ना तुम्ही."

त्याला एकदम हलकं वाटलं. तेवढ्यात त्याचं लक्ष शेगडीकडे गेलं. निळी ज्योत कढईच्या कडेपर्यंत आली होती. कोपऱ्यात रिकामे सिलिंडर उभे होते, नेहमीपेक्षा जास्त. जमिनीखालचं इंधन कमी जळावं म्हणून त्याने आपल्या आयुष्याची सहा वर्षं घातली होती, आणि इथे एक बाई चांगलं तेल वाईट करण्यासाठी रोज तेच इंधन जाळत होती. आणि कायद्याने वागणारी होती म्हणूनच जाळत होती.

"आई," तो म्हणाला, "हा गॅस जळतोय."

"हो. तो धरलाय का तुमच्या हिशेबात?"

त्याने मान हलवली. नव्हता धरला. कोण धरणार?

आरोग्य खात्याचा माणूस आत्ता आला तर काय, असं त्याने विचारलं. कढईत इतकं बिघडलेलं तेल सापडलं तर त्या खात्याचा दंड होता. मावशींनी त्याचाही विचार करून ठेवलेला होता. त्याला सांगणार, की हे खाण्याचं तेल नाही, विमानाचं आहे, आणि विश्वास नसला तर माझ्या जावयाला विचारा. हे सांगताना त्या हसल्या. मग हसू ओसरलं आणि त्या झारा तसाच हातात धरून कट्ट्याला टेकल्या. जावयाने त्यांना इतकं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हातारपण त्यांना याच आठवड्यात आलं, असं त्याला वाटलं.

"हे कँटीन गेलं तर सकाळी उठून मी जायचं कुठे, सांगा," त्या म्हणाल्या.

लेकीकडे या, असं तो म्हणू शकला असता. पण तसं उत्तर त्या मागत नव्हत्या. धावपट्टीवरून एक विमान उठलं, छताचे पत्रे थरथरले, कढईतल्या तेलावरही बारीक लाटा उठल्या.

मग त्याने बॅग कट्ट्यावर ठेवली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि सासूबाईंच्या हातातला झारा घेतला. त्यांनी नको म्हटलं नाही. त्या उलट्या बाकांतलं एक सरळ करून त्यावर बसल्या आणि पाय लांब केले. तो तेल वर उचलू लागला, उंचावरून सोडू लागला. पहिल्यांदा हातावर थेंब उडाले. मावशींनी बसल्या बसल्या सांगितलं, की मनगट वळवा, खांदा नको. त्याने मनगट वळवलं.

बऱ्याच वेळाने त्याने झारा बाजूला ठेवला, बॅगेतून यंत्र काढलं आणि त्याची दांडी कढईत बुडवली. आकडा हळूहळू चढला आणि थांबला.

"झालं का?" मावशींनी विचारलं.

रेषा त्याचीच होती. आकडा तिच्या किंचित खाली होता.

"अजून थोडं बिघडायला हवं," तो म्हणाला आणि त्याने शेगडी मोठी केली.