चार बोटं मागं

उदयसिंह सुभेदार विश्रामबागेत धनाजीच्या गाडी-कुशनच्या दुकानापुढं गाडीतून उतरले, तेव्हा पाठीमागची उशी त्यांच्याबरोबरच खाली पडली.

"साहेब, गाडी चालवत आलाय का झोपून?" धनाजी हसला.

"हसू नगंस रं. पायच पोचत न्हाईत. कुणा भुतानं बसवलीय ही सीट! पयली ती पुढं घे."

गाडी काळी, साठ-बासष्टच्या सालातली. मिरजेच्या दलालानं "कोरेगावाकडनंच आलेली हाय" एवढंच सांगितलं आणि सुभेदारांनी ती घेऊन टाकली. त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी नवी कोरी मागवलेली गाडी ब्याऐंशीला कोरेगावाकडंच विकली गेली होती. कागदं तिच्याबरोबर गेली, नंबर कुणाच्या ध्यानात राहिला नाही. इंजिन तर मधल्या कुणा मालकानं बदललेलं. घरी आई, लीलाबाई, सत्याऐंशीच्या. त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "त्येंचीच असंल तर बसते. दुसऱ्याच्या गाडीत बसून मी कुणाला फसवू?"

आता ही तीच कशावरून? सुभेदारांनी धनाजीलाच विचारलं.

धनाजी जतकडचा. आजा मेंढरं राखायचा, बापानं कुशनकाम धरलं. "साहेब, लोकर कातरली की वरचा रंग जातोय. मेंढरू वळखायचं तर कान उलटून खूण बघायची." असं म्हणत त्यानं मागच्या गादीचं तपकिरी रेक्झिन उसवलं. त्याखाली आणखी एक कापड, मग काथ्या, मग गोणपाट. गोणपाटाच्या आणि स्प्रिंगांच्या मधोमध गंजानं डागाळलेली कागदाची घडी चिकटलेली होती. धनाजीनं ती चमच्याच्या दांड्यानं अलगद सोडवली, जशी तव्यावरची पहिली भाकरी.

"कारखान्याची चिठ्ठी. गाडी बनताना कामगाराला सांगायची, कुठला रंग, कुठलं कापड. काम झालं की कुणीतरी गादीतच कोंबायचा."

टाइप केलेली अक्षरं विटलेली होती. बी-सात. टी-तीन. सुभेदारांनी चष्मा पुसला. "ही कुठली भाषा?"

धनाजीनं फळीवरनं जाड वही काढली. वीस वर्षांत गाद्यांतून निघालेल्या एक्केचाळीस चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीशेजारी त्याच गाडीतला तळचा कापडाचा तुकडा नि रंगाचा टवका डकवलेला. कुणी शिकवलं नव्हतं. जुळवत जुळवत त्याला वाचता यायला लागलं होतं. टी-तीनपाशी डाळिंबी चिंधी होती. उसवलेल्या गादीतलं दुसरं कापडही तेच. बी-सातपाशी फिकट टवका. धनाजीनं दाराचं रबर ओढून काढलं. काळ्या रंगाच्या आत, ऊन न लागलेली बोटभर पट्टी होती, ज्वारीच्या पिठासारखी.

सुभेदार स्टुलावर बसले. आईची जात्यावरची ओवी त्यांना पाठ होती:

*मोटार आली दारी, जोंधळ्याच्या पिठावाणी*
*आत डाळिंब फुटलं, सांगू कुणा गं साजणी*

"हीच हाय, गड्या! हीच!"

धनाजीनं वही मिटली नाही. "खोटं बोलू का, साहेब? हाच रंग, हीच गादी, अशा आणिक तीन गाड्या माझ्याच वहीत हायेत."

सुभेदारांचा चेहरा उतरला. चहा आला, तो तसाच निवला. धनाजी मात्र चिठ्ठी उजेडाकडं धरून फिरवत राहिला. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी होतं. त्यानं अक्षर अक्षर लावलं. "ड्रायव्हर सीट... मागं... तीन इंच." मग हळूच विचारलं, "अण्णा उंच हुते का?"

"सहा फूट दोन इंच."

"आईस्नी फोन लावा. पर तुमी आपणहून काय सांगू नका."

सुभेदारांनी स्पीकर लावला. "आई, गाडीत अण्णांनी काय करून घेतलं हुतं का गं?"

 पलीकडनं लाजरं हसू आलं. "आता म्हातारपणी काय इचारतोस? एक ओवी हाय. तुमा पोरांपुढं कवा म्हणली न्हाई."

"म्हण की."

धाप लागत, पण ताल न सोडता, आवाज आला:

*गादी सारली मागं, चार बोटं मोजूनी*
*लांब टांगांचा गं कंथ, बसं पाय पसरूनी*

धनाजीनं टेपावर आपली चार बोटं आडवी ठेवली. बरोबर तीन इंच. त्यानं टेप सुभेदारांपुढं धरला.

"आई, तीच हाय गं," सुभेदार म्हणाले.

"मग आण की! आणि ऐक. सासूबाईंच्या शेजारी लय वर्सं मागं बसले. आता पुढं बसणार हाय."

फोन ठेवून सुभेदारांनी नाक शिंकरलं. धनाजीनं पाना उचलला. "साहेब, सीट पुढं घ्यायची हुती न्हवं?"

"हात लावू नगंस." सुभेदारांनी खाली पडलेली उशी उचलली, धूळ झटकली. "मला आणिक एक उशी शिवून दे. जाड शिव. आणि डाळिंबी कापड लाव."